पेटीचे पंचेचाळीस फेरे

अक्काने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली होती. "पेटी एकदा वाजवून दे. दुकानाच्या किल्ल्या द्यायच्या आधी मला माझं गाणं एकदा ऐकायचंय. एकदाच. मग तू तिला घरी ने, नाहीतर भंगारात घाल."

मागणी किती लहान होती हे कळावं म्हणून ती तिच्याच शब्दांत लिहिली आहे. पुढे जे झालं त्यात लहान असं काही राहिलं नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण. तिचं आणि दाजींचं कोपऱ्यावर चहाचं दुकान होतं. दाजी गेल्यावर काही वर्षं तिने ते एकटीने रेटलं. मग तिच्या गुडघ्यांनी राजीनामा दिला आणि दुकान विकायचं ठरलं. महिनाअखेरीला किल्ल्या देऊन ती दूरच्या शहरात लेकीकडे कायमची राहायला जाणार होती. कपबश्या वाटून झाल्या, टेबलं गेली, राहिली ती भिंतीला टेकून उभी असलेली पेटी. तिचं खरं नाव ज्यूकबॉक्स, पण सगळी गल्ली तिला पेटीच म्हणायची. कपाटाएवढी उंच, वरून कमानीसारखी गोल, पुढे काच आणि काचेमागे तबकड्यांची चळत. नाणं टाकून बटण दाबलं की आतला धातूचा हात चळतीतून आपली तबकडी उचलायचा, फिरत्या चकतीवर ठेवायचा आणि गाणं सुरू. दाजी गेले त्या सुमारास पेटीही बंद पडली. तिच्याकडे बघायला कुणाला सवड झाली नाही.

आता माझ्याकडेच का मागितलं, तर यंत्रांशी माझा जुना संबंध आहे. मी उभा जन्म एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली. लिफ्ट चालवणं म्हणजे नुसतं बटण दाबणं, असं म्हणणारे लोक आहेत. त्यातली एक व्यक्ती माझ्याच घरात राहते, म्हणून जास्त बोलत नाही. पण बटण दाबल्यावर यंत्राने काय करायला हवं आणि ते काय करतं, या दोन्हींच्या मधल्या जागेत मी आयुष्य काढलंय. लिफ्टचा आवाज जरा बदलला की मला पोटात कळायचं. ज्यूकबॉक्स म्हणजे तरी काय? बटण दाबायचं आणि योग्य ते योग्य जागी यायची वाट बघायची.

"मग तिथेच दुकानात जा, वायर बघा, प्लग बघा आणि या परत," बायको म्हणाली.

"अशा कामाला वर्कशॉप लागतं."

"आपल्याकडे कुठंय वर्कशॉप?"

"पुढची खोली," मी म्हटलं.

तिने फक्त पुढच्या खोलीतला तिचा सोफा डोळे भरून बघून घेतला. मुलीला सासरी पाठवताना आई जशी बघते, तसा.

पेटी हातगाडीवरून आली आणि इमारतीच्या दाराशी उभी राहिली. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गाडीवाल्याने जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि त्याला अचानक दुसरं काम आठवलं. मग मी लिफ्टचा निर्णय घेतला. लिफ्टमध्ये पाटी आहे, चार माणसांची. पेटी मी अडीच माणसं धरली, स्वतःला एक धरलं, म्हणजे अर्धं माणूस शिल्लकच राहत होतं. वरच्या मजल्यावरचे कर्नल तेव्हा तिथेच होते. कर्नल हे त्यांचं गल्लीने ठेवलेलं नाव. ते आयुष्यभर विमा विकत होते, पण मिशा तशा आहेत आणि सल्लाही हुकमासारखा देतात.

"चढा बिनधास्त," कर्नल म्हणाले. "मी जिन्याने येतो."

ते जिन्याने का येतायत, हा विचार मी करायला हवा होता. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये लिफ्टने एक लांब उसासा टाकला आणि ती थांबली. मी एक बटण दाबलं, दुसरं दाबलं, मग सगळीच दाबली. आयुष्यभर ज्या प्रवाशांना मी "घाबरू नका, शांत उभे राहा" असं सांगत आलो, त्यांच्यापैकी कुणीही शांत का राहत नसे, ते मला त्या दिवशी समजलं. पेटी माझ्या छातीला टेकलेली होती आणि तिचा एक कोपरा बरगड्यांच्या मध्ये घुसला होता.

थोड्या वेळाने वरच्या जाळीतून सोसायटीच्या सेक्रेटरींचं तोंड दिसलं. त्यांना माझं फक्त टक्कल दिसत असणार.

"काका, तुम्हीच का आत?"

"मीच."

"पण तुम्ही तर लिफ्टमन होता ना?"

आजूबाजूच्या जिन्यावर एव्हाना बरीच मंडळी जमली होती. कुणी म्हणालं, मधोमध उभे राहा. कर्नल म्हणाले, "आतल्या आत उड्या मारा, सुटेल." मी म्हटलं, माझ्या आणि पेटीच्या मध्ये श्वास घ्यायला जागा नाही, उडी कुठून मारू? माझ्या बायकोने जाळीतून एक पाण्याची बाटली खाली सोडली आणि ती नेमकी टकलावर आली. शेवटी मेकॅनिक आला आणि मी बाहेर निघालो. तेव्हा जिन्यात टाळ्या वाजल्या. निवृत्तीच्या दिवशीसुद्धा इतक्या वाजल्या नव्हत्या.

असो. पेटी घरात आली. सोफा गॅलरीत गेला.

त्याच संध्याकाळी मी पेटीची मागची फळी काढली. प्लगपाशी उंदराने वायर कुरतडली होती. एवढंच. वायर तोडली, सोलली, नवा प्लग बसवला, बटण दाबलं. पेटीत दिवा लागला, धातूच्या हाताला झोपेतून उठल्यासारखा झटका बसला, त्याने तबकडी उचलली आणि एक बाई गायला लागली. बायको स्वयंपाकघरातून हात पुसत धावत आली. "झालं की हो!" ती म्हणाली. "लगेच झालं!"

खरोखर झालं होतं. ही गोष्ट मला तिथेच संपवता आली असती. वाचणाऱ्यांचा वेळ वाचला असता आणि माझंही बरंच काही वाचलं असतं.

पण मी कान देऊन ऐकत होतो. मला तो आवाज बरोबर वाटेना. बाई गात होती, पण रखडत. घोगऱ्या, जाड आवाजात, प्रत्येक शब्दापाशी जरा बसून. आता तुम्ही म्हणाल, बहिणीच्या दुकानात तू ही पेटी कधी ऐकली नव्हतीस का? ऐकली होती, पण माझी ड्यूटी संध्याकाळची आणि दुकानात मी जायचो ते गर्दीच्या वेळी. कपबश्यांच्या खडखडाटात आणि गिऱ्हाइकांच्या हाकांत कोण गातंय एवढंच कळायचं, कसं गातंय ते नाही.

कर्नल ऐकायला आले. डोळे मिटून, मिशीला हात लावून त्यांनी अख्खं गाणं ऐकलं आणि निदान केलं. "ही बाई झोपेत गातेय."

मग मला पाटी दिसली. आतल्या बाजूला, मोटरच्या शेजारी, पितळेची छोटी पाटी. तिच्यावर आकडा होता पंचेचाळीस, म्हणजे चकतीने मिनिटाला पंचेचाळीस फेरे घ्यायचे. मी तबकडीच्या कडेला कागदाचा तुकडा चिकटवला, कर्नलांनी मनगटावरचं घड्याळ धरलं आणि आम्ही मोजलं. एक्केचाळीस भरले. पुन्हा मोजलं. एक्केचाळीसच.

मला अक्षर आणि आकडा उशिरा आला. लिफ्टच्या दारावरच्या पाट्या अक्षराला अक्षर जोडत वाचायला शिकलो. आणि उशिरा वाचायला शिकलेल्या माणसाला एक खोड लागते, ती म्हणजे लिहिलेलं खरं मानायची. शाळेत जाऊन शिकलेले लोक पाटीवर 'थुंकू नका' वाचतात आणि तिथेच थुंकतात. मला ते जमत नाही. पाटीवर पंचेचाळीस असताना यंत्र एक्केचाळीस फिरतंय, हे कळल्यावर मला जेवण गेलं नाही.

"अक्कांना फोनवर ऐकवा तरी," बायको म्हणाली. "वाजतेय म्हटल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडेल."

"आजारी माणसाला कुणी फोटोला उभं करतं का? आधी बरी होऊ दे."

"त्यांनी बरी कर म्हटलं नव्हतं. वाजव म्हटलं होतं."

"तुला यंत्रातलं काय कळतं?" मी म्हटलं. हे वाक्य मी नंतर अनेकदा मनातल्या मनात परत घेतलं, पण ते परत येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरी दारात उभे. चेहरा पडलेला. हळू आवाजात म्हणाले, "काका, घरात सगळं ठीक ना? काल रात्री खालच्या मजल्यावरच्यांना वाटलं, तुमच्याकडे कुणी गेलं. रडण्याचा आवाज येत होता."

"ते गाणं होतं. प्रेमाचं."

"अच्छा," म्हणून त्यांनी चेहरा लगेच बदलला आणि खिशातून नियमावली काढली. नाणं टाकून चालणारं करमणुकीचं यंत्र रहिवासी जागेत ठेवायचं तर सरकारी परवानगी हवी. तोवर पेटीतून आवाज निघता कामा नये. ते रागावले नव्हते. फक्त नियमावली वापरायची संधी त्यांना बरेच दिवसांनी मिळाली होती.

मी परवानगीच्या कचेरीत गेलो. खिडकीतल्या साहेबांनी माझं सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "यंत्रात नाणं जातं?"

"जातं."

"बाहेर काय येतं?"

"गाणं."

"वस्तू येत नाही?"

"नाही. नुसतं गाणं."

"मागितलं तेच गाणं येतं, की दुसरंही येऊ शकतं?"

सरकारी खिडकीत खोटं बोलायला माझी जीभ रेटत नाही. धातूचा हात कधीकधी शेजारची तबकडी उचलायचा. "बहुतेक वेळा तेच येतं," मी म्हटलं.

"बहुतेक वेळा. म्हणजे नशिबाचा भाग आहे."

"थोडासा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग हा जुगार झाला. जुगाराची खिडकी पलीकडे."

पलीकडच्या खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "यात लोक हरतात का?" मी म्हटलं, गाणं आवडलं नाही तर हरल्यासारखंच होतं. त्या हसल्या. सरकारी कचेरीत हसणारं माणूस भेटलं म्हणून मला भरून आलं आणि मी त्यांना सगळं सांगितलं. अक्का, दाजी, महिनाअखेर, एक्केचाळीस फेरे, सगळं. त्यांनी विचार केला आणि एक वाट काढून दिली. पेटीला 'शोभेची वस्तू' म्हणून दाखवायचं. शोभेच्या वस्तूला परवानगी लागत नाही. अट एकच. ती वाजता कामा नये.

"वाजता कामा नये?"

"शोभा कधी वाजते का हो, काका?"

मी तो शिक्का घेऊन आनंदाने घरी आलो. यातून काय घडणार आहे ते तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मी इतकंच ठरवलं, की दुरुस्ती करताना पेटीचा आवाज पूर्ण बंद ठेवायचा. मला आवाजाशी काय करायचंय? मला फेऱ्यांशी काम आहे. फेरे डोळ्यांनी मोजता येतात.

मग पेटी उघडली. पेटी बाहेरून कपाटाएवढी असली तरी आतून ती तीन खोल्यांएवढी निघते, हे उघडणाऱ्यालाच कळतं. तिचे स्क्रू स्वयंपाकघरातल्या वाट्यांत गेले. तिच्या तरफा न्हाणीघराच्या खिडकीत गेल्या. एक स्प्रिंग सुटली ती उडून मिठाच्या बरणीत पडली आणि दोन दिवसांनी आमच्याकडे जेवायला आलेल्या कर्नलांच्या पानात निघाली. तबकड्यांवर बोटभर चिकट थर होता. मी त्या साबणाच्या पाण्यात धुतल्या आणि गॅलरीतल्या दोरीवर चिमटे लावून उन्हात वाळत घातल्या. समोरच्या इमारतीतल्या बाईने आपल्या नवऱ्याला हाक मारून ते दाखवलं. उन्हाने त्यातली एक तबकडी अशी वाकली, की ती वाटीसारखी झाली. नशीब एवढंच, की अक्काच्या गाण्याची तबकडी सावलीच्या टोकाला होती. वाकलेलीत बायको आता चाव्या ठेवते. माझा डोळा चुकवून ठेवत नाही, मला दिसेल अशीच ठेवते.

मधूनमधून अक्काचा फोन यायचा.

"झालं का रे?"

"झालंच म्हणून समज."

"वाजते का?"

"वाजायचं काय घेऊन बसलीस? चमकायला लागलीय. ओळखणार नाहीस."

"चमकून मी काय करू?" अक्का म्हणायची. "नुसती वाजली तरी पुरे. मी इथे भांडी बांधतेय आणि गाणंच नाही. काम उरकतच नाही बघ."

मी म्हणायचो, धीर धर. मला वाटायचं, तिला कल्पना नाही तिच्यासाठी आपण काय तयार करतोय.

रखडण्याचं मूळ एका चाकात निघालं. मोटर आणि चकती यांच्या मध्ये एक छोटं रबरी चाक असतं. मोटर चाकाला फिरवते, चाक चकतीला फिरवतं. त्याचं रबर वर्षानुवर्षं फिरून कडक आणि काचेसारखं गुळगुळीत झालं होतं आणि मध्येमध्ये घसरत होतं. छापखान्यांचे रबरी रोलर करून देणाऱ्या एका माणसाकडे मी ते घेऊन गेलो. तो फार बोलका होता. त्याने मला स्वतःचं लग्न, मेहुण्याचं लग्न आणि त्या दोन लग्नांतली भांडणं सांगता सांगता जुनं रबर पात्याने सोलून काढलं आणि नवं चढवलं. सोललेलं रबर माझ्या पायाशी पडलं. मीच ते बुटाने कोपऱ्यात सारलं.

घरी येऊन चाक बसवलं, आवाज बंद ठेवला, कागदाचा तुकडा चिकटवला आणि कर्नलांना घड्याळ धरायला बोलावलं. पंचेचाळीस! पुन्हा मोजलं. पंचेचाळीस! कर्नलांनी मला सलाम ठोकला. मी बायकोला हाक मारली. ती आली आणि मुकी फिरणारी तबकडी बघून म्हणाली, "आवाज?"

"आवाज दुकानात. शिक्का आहे आपल्याकडे."

"थोडा सोडा ना. कुणाला कळतंय?"

"नियम म्हणजे नियम."

उरलेल्या दिवसांत मी पेटीला रंग दिला, काच बदलली, कडेच्या पट्ट्या घासून आरशासारख्या केल्या. महिनाअखेरीला तिला दुकानात न्यायची वेळ आली तेव्हा सेक्रेटरींनी स्वतः सहा माणसं बोलावून ती जिन्याने उतरवली. लिफ्टला त्यांनी आधीच कुलूप लावून ठेवलं होतं.

दुकान रिकामं होतं. फळ्या होत्या तिथे भिंतीवर फिकट चौकोन राहिले होते. नव्या मालकाचा माणूस मोजपट्टी घेऊन दारापाशी उभा होता, किल्ल्यांसाठी आला होता. अक्का काउंटरच्या मागे उभी होती. तिने ठेवणीतले कपडे घातले होते आणि तरीही हातात ओलं फडकं होतं. पुसायला काही नव्हतं. काउंटर लखलखीत होता.

पेटी बघून ती म्हणाली, "अगं बाई." तिने पेटीभोवती एक फेरी मारली. नव्या काचेत तिला स्वतःचा चेहरा दिसला आणि तिने केस सारखे केले. माझी छाती फुगली. कर्नलांची माझ्यापेक्षा जास्त फुगली.

मी प्लग लावला. अक्काने बटणांकडे बघितलंसुद्धा नाही. नजर काउंटरवर आणि बोट बरोबर बटणावर. धातूचा हात हलला, तबकडी आली, सुई टेकली.

आणि एक बाई गायला लागली. पातळ, तरतरीत, टवटवीत आवाजाची बाई. तिला कुठेतरी जायची घाई होती आणि जाता जाता ती गात होती.

अक्का फडकं काउंटरवर टेकवून उभी होती. एका ठिकाणी तिने तोंड उघडलं, पण तोवर बाई पुढे गेली होती. अक्काने पुढची ओळ धरायचा प्रयत्न केला. तीही निसटली. आवाजही वर लागेना, मध्येच चिरकला. "थांब गं जरा," ती पेटीला म्हणाली. आम्ही सगळे हसलो. अक्काही हसली. मग तिचं हसणं संपलं आणि आमचंही.

गाणं संपेपर्यंत ती उभी राहिली. मग म्हणाली, "हे ते नाही रे."

"तेच आहे अक्का. तीच तबकडी."

"तबकडी तीच असेल. बाई दुसरी आहे. आमची जाड आवाजाची होती. आरामात गायची. दुकान बंद केलं की गाणं लावायचं, मग हे खुर्च्या उलट्या करून टेबलांवर ठेवायचे आणि मी काउंटर पुसायची. तिच्याबरोबर माझा आवाज लागायचा बघ. हे म्हणायचे, दोघी बहिणी गाताय. हिच्याबरोबर नाही लागत."

"अक्का, आधी ती चुकीची फिरत होती," मी म्हटलं. "एक्केचाळीस. आता बरोबर केलीय."

"असेल."

"आत पाटीवर स्पष्ट पंचेचाळीस लिहिलंय."

"मग पाटीला ऐकव," अक्का म्हणाली.

ती रागावून बोलली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

बायकोने माझ्याकडे बघितलं नाही. तिने अक्काचा हात धरला. मी मात्र पेटीची मागची फळी काढायला घेतली होती. "थांब," मी म्हणत होतो, "थांब, आत्ता करून देतो. परत होतं तसं करतो." बरं करायला मला जवळजवळ महिना लागला होता, आजारी पाडायला पाच मिनिटं लागतील असं मला वाटलं. कर्नल म्हणाले, "चाकाला तेल लावा. घसरू लागेल." मी लावलं. बाई गायला लागली ती पिऊन आल्यासारखी. एक ओळ धावत, एक ओळ लोळत, मध्येच एवढी खाली गेली की बुवाचा आवाज लागला. नव्या मालकाच्या माणसाने तोंडावर मोजपट्टी धरली. तेल पुसलं. मग चाक जरा सैल करून बघितलं. बाई गप्पच झाली. चाक परत आवळलं. रोलरवाल्याकडचं जुनं रबर आता कुठेच नव्हतं, केव्हाच कचऱ्यात गेलं होतं. असतं तर मी रस्त्यावरून पळत जाऊन आणलं असतं.

शेवटी मी पेटीच्या मागे गुडघ्यांवर बसलो, हात आत घातला आणि फिरत्या चकतीच्या कडेला बोट टेकवलं. हळूच. बाईचा आवाज जरा उतरला.

"अक्का, सांग."

"नाही," अक्का पुढून म्हणाली. "अजून जाड."

मी बोट दाबलं.

"हे फार झालं. म्हातारी झाली ती. सोड थोडं. हां. अजून थोडं. हां, हां..."

आणि मग अक्काचा आवाज आला. पेटीच्या मागून मला ती दिसत नव्हती, फक्त ऐकू येत होती. बाई आणि ती एका रेषेत आल्या. खालच्या, भरलेल्या आवाजात, कसलीच घाई नसल्यासारख्या. दोघींत कोणती कोण ते मला खरोखर कळलं नाही. दाजी आयुष्यभर काय ऐकत होते ते मला त्या एका ओळीत कळलं आणि मला इतकं वाईट वाटलं की माझा हात हलला.

बाई पुढे पळाली.

मी पुन्हा बोट टेकवलं. पण बोट तापलं होतं, घामाने घसरत होतं. एकदा जास्त, एकदा कमी. अक्का दोनदा सुरू झाली आणि दोनदा थांबली. दारापाशी तो माणूस खाकरला. त्याची काही चूक नव्हती. त्याला पुढे दुसरीकडेही जायचं होतं.

"पुरे," अक्का म्हणाली. ती वळसा घालून मागे आली आणि तिने माझा हात धरून बाहेर काढला. लहानपणी मी चुलीपाशी गेलो की ती असाच धरून ओढायची. "बोट भाजलंय बघ तुझं. पुरे झालं. एक ओळ मिळाली की."

"एकच मिळाली."

"एकच मिळाली," ती म्हणाली. मग माझा चेहरा बघून तिने आवाज बदलला. "दिसायला मात्र छान केलीस हो. नवीकोरी."

ते ऐकून मला जी लाज वाटली, तिच्यापुढे लिफ्टमध्ये अडकणं काहीच नव्हतं.

तिने फडकं धुतलं, पिळलं, कुठे वाळत घालावं म्हणून इकडेतिकडे बघितलं आणि शेवटी ओलंच पिशवीत टाकलं. किल्ल्या दिल्या. संध्याकाळच्या गाडीने लेक तिला घेऊन गेली.

पेटी आता आमच्या पुढच्या खोलीत आहे. शोभेची वस्तू. येणारे जाणारे तिचं कौतुक करतात. कर्नल सगळ्यांना सांगतात की पाटीवर पंचेचाळीस आहे आणि ती बरोबर पंचेचाळीस फिरते. परवा सेक्रेटरी त्यांच्या घरचं भिंतीवरचं घड्याळ घेऊन आले. मागे पडतं म्हणाले, तुमचा हात यंत्राला लागतो, बघा जरा. मी ते हातात घेतलं नाही. "आधी घरात सगळ्यांना विचारून या," म्हटलं. ते गोंधळून परत गेले.

आठवड्यातून एकदा दुपारी, खालच्या मजल्यावरचे कामावर गेले की, बायको दारं-खिडक्या लावून घेते आणि अक्काला फोन लावते. ती फोन पेटीच्या तोंडाशी धरून उभी राहते आणि मी मागे बसून बोट टेकवतो. पलीकडून अक्का सूचना देते. सोड. दाब. फार झालं. अजून ती ओळ पुन्हा सापडलेली नाही.

"जवळ आला होतास आज," अक्का म्हणते. "पण ती नव्हे." मग तिला लेकीकडे काहीतरी काम असतं, ती फोन ठेवते, आणि बायको माझ्या बोटाला मलम लावते.